तळपायाला बोट

त्याचं खरं नाव कारखान्याच्या हजेरीपटावर होतं आणि तिथेच पडून होतं. बाकी सगळे त्याला घुबडराव म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू. कापड रंगवण्याच्या कारखान्यात तो बॉयलरवर होता आणि लग्नाच्या आधीपासून रात्रपाळीला होता. इतर लोक रात्रपाळी चुकवायला आजारी आजी, मरणाला टेकलेला मामा, जे हाताशी येईल ते पुढे करत. हा मागून घेई. रात्री त्याला झोप येत नसे हे खरं होतं, आणि ही गोष्ट तो जरा जास्तच वेळा सांगत असे हेही खरं होतं. "मी जागा असतो म्हणून बाकीचे झोपतात," हे वाक्य त्याने बायकोला पहिल्या भेटीतच ऐकवलं. ती हसली नाही. तिला ते खरं वाटलं, आणि लग्न बहुतेक त्याच वाक्यावर ठरलं.

मुलगी झाली तेव्हा घुबडरावाने रजा टाकली. बायकोच्या पोटावर टाके होते. कुशीवर वळायचं तरी तिला दोनदा विचार करावा लागे. सासूबाई पिशवी घेऊन राहायलाच आल्या होत्या. वरच्या मजल्यावर एक खोली आणि एक स्वयंपाकघर एवढंच घर. खोलीत पलंग, आरशाचं कपाट, पाळण्याऐवजी भिंतीला लावलेली वेताची मोठी टोपली, आणि सासूबाईंची गादी घातली की दाराशी जायला वाट उरेना. त्यात सासऱ्यांना घरी एकटं ठेवलेलं, त्यांना औषधं द्यायला कोणी नाही. हे सगळं बघून घुबडरावाच्या अंगात दानशूर संचारला.

"आई, तुम्ही दिवसा या. रात्री घरी जाऊन स्वस्थ झोपा. रात्र माझ्यावर सोडा."

"जावईबापू, मूल म्हणजे बॉयलर नव्हे," सासूबाई म्हणाल्या.

"बॉयलर फुटला तर अर्धा कारखाना उडतो, आई. हे तर एवढंसं आहे."

उचलली जीभ लावली टाळ्याला. सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं. लेक म्हणाली, "जा तू आई. यांना खरंच झोप येत नाही रात्री." तिच्या बोलण्यात नवऱ्याचा अभिमान होता, आणि हा अभिमान घुबडरावाला पुढे फार महागात पडला.

पहिली रात्र सुरुवातीला छानच गेली. पोरगी रडली की तो तिला उचलून आईजवळ नेई, पिऊन झालं की खांद्यावर टाकून पाठ थोपटी, ओला लंगोट बदली. त्याचे हात राकट होते, पण जपून धरायची त्यांना सवय होती. रडण्याचा तर त्याला काहीच त्रास नव्हता. ज्याने इतकी वर्षं भट्टीच्या घरघरीत काढली त्याला एवढ्याशा गळ्याचं काय! आवाज चालू आहे म्हणजे काम चालू आहे, हे त्याच्या हाडीमासी खिळलेलं होतं.

मग ती झोपली आणि घर एकदम गप्प झालं. घुबडराव स्टुलावर बसून टोपलीत बघत राहिला. पोरगी हलत नव्हती.

इथे बॉयलरवाल्यांची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. बॉयलरच्या पोटात पाणी किती आहे ते बाहेरच्या एका काचेच्या नळीत दिसतं. त्या पाण्यावर डोळा ठेवणं हेच खरं काम. पण नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात ते वेगळंच. काचेतलं पाणी सारखं जरासं थरथरत असतं. ते अगदी स्थिर दिसायला लागलं की आनंद मानायचा नाही, घाबरायचं. कारण नळी आतून क्षाराने बुजलेली असू शकते, काचेत जुनंच पाणी अडकलेलं असतं आणि आत बॉयलर कोरडा पडत चाललेला असतो. मग काचेखालची चावी उघडायची, पाणी जाऊ द्यायचं, पुन्हा बंद करायची. पाणी उसळून जागेवर आलं तर खरं. स्थिर पाण्यावर विश्वास ठेवायचा नाही, ते हलवून बघायचं. घुबडराव एका रात्रीत हे किती वेळा करी, ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

तर पोरगी हलत नव्हती. त्याने तिच्या नाकाखाली बोट धरलं. पण गरम नळ्यांना लागून लागून त्याची बोटं जाड झाली होती. चहाचा पेला किती कढत आहे ते त्याला ओठाला लावल्यावर कळे. एवढासा श्वास त्या कातडीला कुठला कळणार? कान जवळ नेला, तर कानात नेहमीची भट्टीची घरघर. दुपट्याकडे टक लावून पाहिलं, तर रात्रीच्या बारक्या दिव्यात ते हलतंय की आपले डोळेच हलतायत ते समजेना. मग त्याने दुपट्याचं टोक वर केलं आणि तिच्या तळपायाला बोट लावलं.

पाय आखडला गेला. तोंड वाकडं झालं, आणि पोरीने घर डोक्यावर घेतलं. घुबडरावाचा जीव भांड्यात पडला.

तिला परत झोपवायला त्याने खोलीत किती फेऱ्या मारल्या त्याला गणती नाही. ती झोपली. तो स्टुलावर बसला. घर गप्प झालं. आणि थोड्या वेळाने त्याचं बोट परत दुपट्याकडे गेलं.

सकाळी त्याने बायकोला विचारलं, "झोप झाली ना?"

"झाली की. छान झाली," ती म्हणाली. रात्रभर ती भिंतीकडे तोंड करून, कपाटाच्या बाजूला पडलेली होती. घुबडरावाला बरं वाटलं. निदान एक गोष्ट तरी धड चालली होती.

दुसरी रात्र तशीच, तिसरी तशीच. दिवसा सासूबाई येत आणि म्हणत, "आता तुम्ही जरा पडा." तो स्वयंपाकघरात सतरंजीवर पडे. पण दिवसा पोरगी गाढ झोपे, आणि ती गाढ झोपली आहे हे आठवलं की याचे डोळे टक्क उघडत. कारखान्यात निदान सकाळी पाळीवाला येई, त्याच्या ताब्यात बॉयलर दिला की संपलं. मागे काय वाटेल ते होवो, जबाबदारी त्याची. इथे ताब्यात कोणाच्या द्यायचं? सासूबाईंकडे पोरगी दिली तरी त्याच्या डोक्यातली ती काच त्याच्याकडेच राही. दार उघडं होतं, जिना होता, खाली रस्ता होता, रस्त्यावर माणसं आपापल्या कामाला चालली होती. तो खिडकीत उभा राहून त्यांच्याकडे बघे आणि त्याला वाटे, ह्यातला कोणीही झालो तरी चालेल. अगदी तो हातगाडीवर जुने पंखे घेऊन चाललाय तोसुद्धा. पोरगी त्याला आवडत होती. तिची मूठ, तिच्या कानावरची लव, पिताना कपाळावर पडणारी आठी, सगळं आवडत होतं. आणि तिच्यापासून दूर, कुठेतरी लांब पळून जावंसंही वाटत होतं. एकामुळे दुसरं जराही कमी होत नव्हतं.

मग पोरीला वजनाला न्यायची वेळ आली. दवाखान्यातल्या सिस्टर वयस्कर होत्या, चष्मा दोरीला बांधून गळ्यात सोडलेला. त्यांनी पोरीला काट्यावर ठेवलं, चष्मा लावला, काढला, परत लावला.

"हे तर आहे तिथेच आहे. आतापर्यंत चढायला हवं होतं. पिते का नीट?"

"दोन घोट घेते की लगेच डोळे मिटते," बायको म्हणाली.

"म्हणजे दमलेली आहे. प्यायला ताकद नको? रात्री झोपत नाही का?"

बायको पोरीला दुपट्यात गुंडाळायला लागली.

"उठवतं का कोणी हिला? गालगुच्चे घेणारे पाहुणे वगैरे?"

घुबडराव भिंतीवरच्या पंख्याच्या बटणाकडे बघत होता. बायको म्हणाली, "नाही हो सिस्टर."

"पुढच्या वेळी वजन चढलेलं दिसलं नाही तर इथे ठेवून घ्यावं लागेल. नळीने दूध देऊ. घाबरू नका, पण घरी तिला झोपू द्या. पोटभर झोपली तर पोटभर पिईल."

परत येताना रिक्षात त्याने पोरीला स्वतःकडे घेतलं. कुंपणच शेत खात होतं, आणि शेताला पत्ता नव्हता. ते त्याच्याच मांडीवर तोंड उघडं टाकून झोपलं होतं. आज रात्री बोट लावायचं नाही, असं त्याने मनाशी पक्कं केलं. त्या रात्री तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. मग उठून स्वयंपाकघरात गेला, पाणी प्यायला, धुतलेली भांडी परत धुतली. मग आला. पोरगी हलत नव्हती. नळीने दूध देण्याचं भय एकीकडे आणि हे भय दुसरीकडे. इकडे आड, तिकडे विहीर. पहिलं भय परवाचं होतं, दुसरं आत्ताचं. त्याने बोट लावलं. पोरगी रडायला लागली, आणि तिला खांद्यावर घेऊन फिरताना घुबडरावही रडला, पण आवाज न करता, बायको उठू नये म्हणून.

सकाळी त्याने जिन्यात उभं राहून फोरमनला फोन केला.

"साहेब, मला कामावर घ्या. आज रात्रीपासून येतो."

"अरे, रजा आहे ना तुझी? बायकोशी भांडलास काय?"

"नाही साहेब. घ्या मला. पाहिजे तर पाया पडतो."

"फोनवर कुठे पाया पडतोस? ये बाबा, ये."

वर येऊन त्याने बायकोला सांगितलं, "कारखान्यात माणूस कमी पडलाय. बोलावणं आलं. आजपासून रात्री जावं लागेल. आईंना राहायला बोलावू."

"बरं," बायको म्हणाली. एवढंच म्हणाली. ओरडली असती, रुसली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ते 'बरं' त्याला दुपारपर्यंत काट्यासारखं टोचत राहिलं. पण आतून एक हलकेपणही होतं. आज रात्री भट्टी असेल, घरघर असेल, काच असेल. आणि पोरीला झोप मिळेल. आपण तिच्यासाठीच जातोय, असं त्याने स्वतःला समजावलं, आणि त्यातलं निम्मं खरंही होतं.

दुपारी भोंगा आला. भोंगा म्हणजे सकाळच्या पाळीचा बॉयलरवाला. रोज घुबडरावाच्या हातून काम घेणारा तोच. त्याचा आवाज असा की कारखान्याचा भोंगा बंद पडला तरी पाळी बदलता आली असती. तो येताना पोरीसाठी टोपडं घेऊन आला होता, आणि बाळ झोपलंय म्हणून कुजबुजत बोलत होता. त्याची कुजबूज खालच्या मजल्यावर ऐकू गेली असणार. पोरगी मात्र ढिम्म झोपलेली.

"वहिनी, तुम्हीच समजवा ह्याला," भोंगा कुजबुजला. "रजा अजून कितीतरी बाकी आहे. मी दुहेरी पाळी करतोय, माझी तक्रार नाही. आणि हा साहेबाला म्हणतो, पाया पडतो पण घ्या. लोक रजेसाठी पाया पडतात हो! हा पहिलाच बघितला."

घुबडरावाने त्याला डोळ्याने खुणावलं, पण भोंगा टोपडं उलगडून दाखवण्यात गुंग होता. चहा पिऊन, पोरगी बापावर गेली नाही म्हणून देवाचे आभार मानून तो निघून गेला. सासूबाई औषधं आणायला बाहेर गेल्या होत्या. खोलीत तिघंच उरली, आणि त्यातलं एक झोपलेलं.

"माणूस कमी पडलाय म्हणालात," बायको म्हणाली.

त्याने भोंग्याचा रिकामा कप उचलला.

"रडण्याला कंटाळलात?"

"नाही गं. रडण्याचं काय."

"मला कंटाळलात?"

"काहीतरी बोलू नकोस."

"मग खरं काय ते सांगा."

तो स्टुलावर बसला. मग म्हणाला, "तिचं वजन चढत नाही ते माझ्यामुळे. मी उठवतो तिला. रात्रभर उठवतो. पायाला बोट लावतो. ती गप्प झाली की मला बघवत नाही, हलवल्याशिवाय राहवत नाही. ठरवलं तरी जमत नाही. म्हणून जातोय. मी इथे नसलो की ती झोपेल."

"मला माहीत आहे," बायको म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"बोटाचं. पहिल्या रात्रीपासून. मी तोंड तिकडे करून पडते, पण कपाटाच्या आरशात टोपली दिसते."

घुबडरावाने आरशाकडे पाहिलं. टोपली दिसत होती, आणि टोपलीशेजारी स्टुलावर बसलेला एक दाढी वाढलेला माणूस दिसत होता.

"तू जागी असतेस?"

"ती झोपली की मला झोप येत नाही."

"मग बोलली का नाहीस? सिस्टरसमोरही बोलली नाहीस. मला वाटलं, मला सांभाळून घेतलंस."

बायको दुपट्याची नसलेली सुरकुती सारखी करत राहिली. मग म्हणाली, "तुमच्यासाठी नाही गप्प बसले. ती गप्प झाली की माझंही काळीज हलायचं. टाक्यांमुळे मला पटकन उठता येत नाही. मी आरशात बघत राहायचे, कधी तुम्ही बोट लावता म्हणून. तुम्ही लावायचात, ती रडायची, आणि मग कुठे माझा डोळा लागायचा. सिस्टरना सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असतात. ती उपाशी राहत होती, आणि मी त्यावर झोपत होते. आई आहे मी तिची."

अळीमिळी गुपचिळी, असं इतके दिवस चाललं होतं तर. घुबडरावाला राग यायला हवा होता, पण तो आला नाही. एकट्याचा वाटलेला गुन्हा दोघांचा निघाला म्हणून त्याला क्षणभर बरं वाटलं, आणि मग जास्तच वाईट वाटलं.

"म्हणूनच म्हणतो, मी जातो," तो म्हणाला. "मी नसलो की बोट लावणारंच कोणी नाही."

"तुम्ही नसलात तर मी लावीन."

"टाके आहेत तुला."

"तुटले तर तुटले. सरकत जाईन. मला माहीत आहे ना मी." ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. "तुम्हाला पळायला कारखाना आहे. पळायचं तर पळा. पण तिच्यासाठी जातोय असं म्हणू नका."

पळून जाण्याची एक वाट होती, तीही ह्या बाईने दोन वाक्यांत बंद केली. आणि बंद केली ते बरोबरच होतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट. तो उठून जिन्यात गेला आणि फोरमनला फोन लावला. फोरमनने जे शब्द वापरले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. त्यातला एकही घुबडरावाने परत केला नाही.

संध्याकाळी सासूबाईंना त्यांनी घरी पाठवलं. सासूबाई दोघांच्या तोंडाकडे बघत, काही न विचारता गेल्या. दिवे लागले. पोरगी प्यायली, नेहमीसारखी अर्धवट, आणि झोपली. घुबडरावाने टोपली पलंगाला लावली आणि आज तो स्टुलावर न बसता बायकोशेजारी पलंगावर बसला.

"हात द्या तुमचा," बायको म्हणाली. "तो, उजवा."

त्याने उजवा हात दिला. तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला, म्हणजे तिचेही दोन्ही हात अडकले. लग्न झाल्यापासून इतका वेळ हात हातात घेऊन ती दोघं कधी बसली नव्हती, पण ह्यात प्रेमबिम काही नव्हतं. दोन चोरांनी एकमेकांवर बसवलेला तो पहारा होता. घर गप्प झालं. पोरगी हलत नव्हती. थोड्या वेळाने त्याचा हात सुटायला बघू लागला, तिने आवळून धरला. मग तिचाच एक हात टोपलीकडे सरकायला लागला, तेव्हा त्याने आपला डावा हात वरून ठेवला. घाम आला, तळहात चिकट झाले. शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला. पायाला मुंग्या आल्या तरी तो हलला नाही, कारण हललो तर आपण थेट टोपलीवरच जाऊ, अशी त्याला खात्री होती.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. टोपलीतून आधी कुरकुर आली, मग एक मूठ वर आली, आणि मग पोरगी भुकेने रडायला लागली. तिला कोणीही हात लावला नव्हता.

बायकोने हात सोडून डोळे पुसले. घुबडरावाने पोरीला उचलून तिच्याजवळ दिलं. आणि आज ती प्यायली. कपाळाला आठी घालून, मूठ आवळून, दोन घोटांवर न थांबता पीत राहिली. तिचा गळा हलताना घुबडरावाला ह्या मिणमिणत्या दिव्यातही दिसत होता. त्याला इतकं हलकं वाटलं की हसू यायला लागलं.

पण पोट भरलं की ती परत झोपणार होती. मग परत घर गप्प होणार होतं. हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा हसू आपोआप मावळलं.

"असं किती दिवस करायचं?" त्याने विचारलं.

"आईला विचारलं मी, ही धास्ती कधी संपते म्हणून. मघाशी, ती निघताना."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, मला कसं ठाऊक असणार? माझं अजून संपलेलं नाही."

पोरीचे डोळे मिटत आले होते. बायकोने तिला अलगद टोपलीत ठेवलं, दुपटं सारखं केलं, आणि पायावरून हात लगेच काढून घेतला. घुबडरावाने आपला हात पुढे केला. तिने तो धरला.